मंडळीतलं पुढारपण आणि सुशिक्षण: आपल्या लोकांकडून नेहमी येणारे प्रश्न

सलाम. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, दीक्षा वगैरे घेतलेली नाही. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानाचा मोठा झालो आणि आता बरीच वर्षं पुण्यात एका मराठी मंडळीत वडील म्हणून, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक म्हणून, काम करतो. उपासना सुटली की देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, कधी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, लोक तेच तेच प्रश्न विचारतात आणि दरवेळी मी अर्धवट उत्तर देऊन घरी येतो, मग झोपताना आठवतं की अरे हे सांगायचं राहिलं. म्हणून एकदा सगळं बसून लिहिलंय. कोणाला दुखवायला नाही, पण गुळगुळीतही लिहिलेलं नाही.

सुशिक्षण सुशिक्षण म्हणतात ते नेमकं काय?

हा शब्द बायबलमध्ये, प्रेषित पौलाने आपले सहकारी तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे निरोगी, धडधाकट. हायजीन हा आपला रोजचा शब्द त्याच मुळातून आलाय. म्हणजे सुशिक्षण म्हणजे जाड पुस्तकातली अवघड थिऑलॉजी नाही, ज्या शिकवणीने माणूस आतून धडधाकट होतो ती शिकवण. देव एक, पिता पुत्र पवित्र आत्मा, येशू खरा देव आणि खरा माणूस, वधस्तंभावर आपल्यासाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला, तारण कृपेने विश्वासाच्या द्वारे, आणि त्या विश्वासाला शोभेल असं वागणं. हे शेवटचं लोक विसरतात. तीताच्या दुसऱ्या अध्यायात पौल सुशिक्षणाला शोभेल ते बोल म्हणतो आणि लगेच पुढे म्हाताऱ्यांनी कसं राहावं, तरुणांनी कसं राहावं, जिभेला आवर कसा घालावा तेच सांगत सुटतो. त्याच्या डोक्यात शिकवण आणि वागणूक असे दोन वेगळे खण नव्हतेच.

माझं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडे लोक म्हणतात शिकवण तर बरोबर आहे हो, फक्त कमिटीत राजकारण आहे. नाही. पुढारपण कुजलं की शिकवण कुजते, थोडा वेळ लागतो एवढंच, कारण ज्याला हिशोब द्यायचा नसतो त्याला हिशोब मागणारी वचनं शिकवायचीही नसतात. दहा वर्षांत एकदाही यहेज्केल ३४ वर संदेश (प्रवचन) ऐकला नसेल, मेंढरांऐवजी स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांवर, तर तो का नाही ऐकला हे विचारून बघा.

आम्ही साधी माणसं, हे तपासणं पाळकांचं काम नाही का?

बिरुया गावातले लोकही साधेच होते. प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचा, पौलासारखा माणूस समोर बोलतोय आणि ते रोज घरी जाऊन शास्त्रात बघतायत की हा सांगतो ते खरं आहे का, आणि त्याबद्दल त्यांना उद्धट नाही म्हटलेलं, कौतुक केलंय.

आणि आपल्याच घरचं उदाहरण घ्या ना, पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरही त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव), बिशपांच्या अधिकाराबद्दल त्यांनी तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून प्रश्नांवर प्रश्न विचारले, नुसतं मोठे लोक म्हणतात म्हणून मानणार नाही म्हणाल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं जागरण (रिव्हायव्हल, म्हणजे विश्वासाची लाट) झालं, मुली रडत प्रार्थना करत होत्या, त्याची गोष्ट आजही कन्व्हेन्शनमध्ये सांगतात. पण तीच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतर करायला आयुष्याची शेवटची वर्षं घालवते हे कन्व्हेन्शनमध्ये कोणी सांगत नाही. आत्मा पाहिजे की अभ्यास पाहिजे असं भांडण आपण घालतो. बाईंनी असलं काही घातलं नाही.

वडील किंवा पंच कोणी व्हावं? बायबलमध्ये काही अटी आहेत का?

आहेत, अगदी स्पष्ट. १ तीमथ्य ३ आणि तीत १. एका बसण्यात वाचून होतं. निर्दोष, एका बायकोचा नवरा, मिताहारी, पाहुणचार करणारा, दारूडा नाही, मारकुटा नाही, भांडखोर नाही, पैशाचा लोभी नाही, स्वतःचं घर नीट चालवणारा, नवशिका नाही, बाहेरच्या लोकांतही चांगलं नाव असलेला. आणि शिकवण्यात निपुण.

आता ही यादी परत वाचा आणि मोजा. येणारं कौशल्य म्हणाल तर त्यात एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं स्वभाव. इंग्लिश फाडफाड बोलता येणं नाही, गावात वजन असणं नाही, आमदाराशी ओळख असणं नाही, देणगी जास्त देणं तर नाहीच. आपल्या निवडणुकीत आपण नेमकं काय बघतो?

अजून एक. नव्या करारात वडील हा शब्द मंडळीच्या संदर्भात बहुतेक वेळा अनेकवचनीच येतो. तीताला क्रेतात ठेवलं ते गावोगाव वडील नेमायला. इफिसच्या वडिलांना पौलाने मिलेताला बोलावून घेतलं आणि रडत निरोप दिला, तेही बरेच जण होते, आणि त्यांनाच तो म्हणाला की तुमच्यातूनच माणसं उठतील आणि वाकडं बोलून शिष्यांना आपल्या मागे ओढतील. नुसते बाहेरून नाही, तुमच्यातूनही! म्हणून एकट्याच्या हातात सगळं द्यायचं नसतं, तो एकटा कितीही देवमाणूस असला तरी.

आमच्याकडे कमिटीच्या इलेक्शनला पॅनल पडतात, जीपा फिरतात, मटणाच्या पार्ट्या होतात. हे कसं थांबणार?

आधी हे कुठून आलं ते समजून घेऊ, नुसतं लोक बिघडले म्हणून उपयोग नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, नगरला १८३१ मध्ये. पुढे शाळा, बोर्डिंग, दवाखाने, बंगले, जमिनी. मास्तर, बायबल बाई (बायबल शिकवत फिरणारी), पाळक, सगळ्यांचा पगार मिशनमधून. खरं तर त्याच मिशनच्या बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले आणि त्यांचा आग्रहच होता की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःच्या खर्चाने उभं राहावं आणि सुवार्ता स्वतः सांगावी. पण सवय पडायची ती पडली, साहेबाच्या बंगल्यातून चिठ्ठी आली की नोकरी. पुढे साहेब गेले आणि खुर्ची राहिली, आणि त्या खुर्चीसोबत शाळेतल्या नोकऱ्या, कंपाउंडमधली घरं, जमिनीचे व्यवहार सगळं राहिलं. मग त्या खुर्चीसाठी जीपा फिरणारच की. १९७० साली नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली, ऐक्य खूप मोठं काम होतं, पण गावपातळीवर या खुर्चीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

उपाय? मला जे चाललेलं दिसलंय ते सांगतो. आमच्या इथे उमेदवाराचं नाव तीन महिने आधी मंडळीपुढे वाचतात आणि १ तीमथ्य ३ मोठ्याने वाचतात, उपासनेतच. कोणाला आक्षेप असेल तर लेखी, सहीनिशी, निनावी नाही. पहिल्या वर्षी दोघांनी स्वतःहून नाव मागे घेतलं, कोणी काही बोललं नव्हतं. नुसतं वाचन झालं होतं.

मंडळीत अजून जात बघतात. हा शिकवणीचा विषय आहे की सामाजिक?

शिकवणीचा. गलतीकरांस २:११ पासून पुढे वाचा. अंत्युखियात पेत्र आधी विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका ताटात जेवत होता, मग यरुशलेमहून काही लोक आले आणि तो भिऊन बाजूला सरकला, वेगळा बसायला लागला. पौलाने काय केलं? सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की तू सुवार्तेच्या सत्याप्रमाणे चालत नाहीयेस. जेवायला कोणाच्या शेजारी बसायचं एवढ्यावरून! पौलाला त्यात अख्खी सुवार्ता पणाला लागलेली दिसली. आणि समोर कोण, तर पेत्र, येशूच्या बारा शिष्यांतला पुढचा.

मग आपल्यात जे चालतं, हे अमक्या समाजातून आलेले, ते तमक्या, त्यांचं पॅनल वेगळं, आमची सोयरीक वेगळी, प्रभुभोजनाला एका रांगेत आणि हळदीला वेगळ्या मांडवात, ह्याला किरकोळ म्हणता येईल का? जातीतून सुटायला ज्यांच्या आजे-पणज्यांनी गावाचा मार खाऊन बाप्तिस्मा घेतला त्यांच्याच नातवंडांनी मंडळीत आडनावं मोजावीत याचं मला फार वाईट वाटतं. आणि या विषयावर सणाच्या दिवशी पुलपिटावरून (संदेश देतात त्या जागेवरून) एकही शब्द निघत नाही.

पाळकाला प्रश्न विचारला की म्हणतात, देवाच्या अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका. काय उत्तर द्यायचं?

ही गोष्ट दाविदाची, १ शमुवेल २४. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत सापडला, दाविदाने त्याला मारलं नाही, झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. बरोबर. पण पुढचं वाचा. दावीद गुहेबाहेर येऊन, सगळ्या सैन्यासमोर, शौलाला मोठ्याने विचारतो की तू माझ्या मागे का लागलायस, माझा काय गुन्हा, परमेश्वर आपल्या दोघांचा न्याय करो. म्हणजे हात लावला नाही, तोंड मात्र उघडलं. मारू नका आणि विचारू नका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नंतर तोच दावीद राजा झाल्यावर नाथान संदेष्टा त्याचं पाप दाखवत त्याच्या तोंडावर म्हणतो की तो माणूस तूच.

उलट बाजूही सांगतो कारण ती कोणी सांगत नाही. १ तीमथ्य ५:१९ म्हणतं की वडिलावर आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊच नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकाबद्दल फॉरवर्ड केलेली ऑडिओ क्लिप म्हणजे साक्ष नव्हे. आणि लगेच पुढचं वचन म्हणतं, पाप करत राहिला तर सगळ्यांदेखत दोष दाखवा. दोन्ही वचनं शेजारी शेजारी आहेत, आपण आपल्या सोयीचं एक पाठ करतो.

दानाचा हिशोब मागणं म्हणजे अविश्वास नाही का?

नाही. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले पैसे नेताना एकटा जात नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो आणि कारणही लिहितो, की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये, देवापुढेच नाही तर माणसांपुढेही चांगलं दिसावं. २ करिंथ ८. प्रेषित असून!

लहानपणी आमच्या गावच्या देवळात एक खजिनदार होते, शाळेत शिपाई होते ते. उपासना संपली की वेदीमागच्या खोलीत लोखंडी टेबलावर दानाची पिशवी उलटी करायचे, मी दारात उभा राहून बघायचो. नोटा एका बाजूला, नाणी एका बाजूला, नाण्यांच्या दहा-दहाच्या थप्प्या. कोणी धान्य आणलेलं असायचं, अंडी असायची, त्याचाही लिलाव होऊन रक्कम वहीत. ते कधीच एकटे मोजायचे नाहीत. दुसरा माणूस आला नाही तर पिशवीला गाठ मारून तसेच बसून राहायचे, पाळक म्हणाले अहो मोजा की मी आहे ना, तर म्हणायचे पाळकसाहेब तुम्ही नको, तुम्ही संदेश देता. मग लाल पेनने आकडा, खाली दोन सह्या, आणि पुढच्या रविवारी जाहिरातींच्या वेळी तो आकडा वाचला जायचा, कधी सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे सुद्धा. मला तेव्हा हसू यायचं. आज मोठ्या मोठ्या मंडळ्यांचं बघतो, क्यूआर कोड थेट पास्टरच्या पर्सनल खात्याचा लावलेला, आणि ते टेबल डोळ्यासमोर येतं.

तर नियम म्हणून सांगतो, पुलपिट आणि पेटी एका हातात नको. जो शिकवतो त्याने मोजू नये, सहीचा अधिकार किमान दोघांचा, आणि वर्षातून एकदा ऑडिट झालेला जमाखर्च मंडळीपुढे छापील स्वरूपात.

आमच्या फेलोशिपच्या ट्रस्टमध्ये पास्टर, त्यांची मिसेस, मुलगा आणि जावई आहेत. हे चालतं का?

नातेवाईक ट्रस्टी असले म्हणून कायद्याने ट्रस्ट आपोआप रद्द होत नाही. पण ते शहाणपणाचं नाही, आणि नोंदणी झालेला सार्वजनिक ट्रस्ट हा कोणाच्या घरची मालमत्ता नसतो हे सगळ्यांना माहीत पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हिशोब ठेवून ऑडिट करावं लागतं, आणि जमीन किंवा इमारत विकायची, बक्षीस द्यायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते. मंडळीच्या जागेवर बिल्डरची नजर आहे असं ऐकलं तर रडत बसण्याआधी आणि ग्रुपवर भांडण्याआधी धर्मादाय कार्यालयात जाऊन त्या ट्रस्टची कागदपत्रं बघा, नक्कल मागता येते.

पाळकाचा मुलगा पाळक झाला तर चूक नाही. त्याचं पाचारण (देवाने या कामाला बोलावणं) मंडळीने तपासलं की बाबांनी जाहीर केलं, एवढंच बघायचं. १ तीमथ्य ५:२२, कोणावर घाईने हात ठेवू नकोस.

प्रार्थनेने बरं होतं असं बायबल म्हणतं, मग गोळ्या कशाला?

याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही, माफ करा. माझ्या मावशीला बीपी होता, रोज सकाळी चहानंतर एक गोळी. एका मैदानावरच्या सभेत व्यासपीठावरून सांगितलं की ज्यांना विश्वास आहे त्यांनी आज औषधं इथे आणून टाका. तिने पर्समधली पट्टी काढून स्टेजजवळच्या खोक्यात टाकली, आणि घरी येऊन आनंदाने साक्ष दिली. तेविसाव्या दिवशी लकवा मारला. पुढची चार वर्षं ती खाटेवर होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, आणि मला विचारायची की माझा विश्वास कमी पडला का रे? सभा घेणारे केव्हाच दुसऱ्या गावाला गेले होते.

शास्त्र काय म्हणतं? याकोब ५:१४, आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील. आम्ही ते करतो, मनापासून, आणि देवाने बरं केलेलं मी बघितलंय. पण पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो, आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती करूनही काटा निघत नाही, उत्तर मिळतं की माझी कृपा तुला पुरे. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे का? गोळी बंद करा असं जो सांगतो तो पुढारी नाही. त्याला थांबवणं हे वडिलांचं काम, आणि तेव्हा त्या सभेच्या मांडवात आमच्याच मंडळीतले दोन वडील बसलेले होते, गप्प.

बी पेरा, शंभरपट मिळेल, असं सांगून पैसे मागतात. दशमांश मग द्यायचा की नाही?

द्या, आनंदाने द्या. पण देवाबरोबर सौदा म्हणून नको. दशमांश आणा म्हणणारं मलाखी ३ सगळ्यांना पाठ आहे, त्याच्याबरोबर मार्क १२ मधली विधवा वाचा, तिने दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकल्या, सगळी उपजीविका टाकली, तिला परत काय मिळालं ते लिहिलेलं नाही. आणि त्याच्या आधीच्याच वचनांत येशू काय म्हणतो, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा. मुद्दाम शेजारी ठेवलंय ते. ज्या बाईच्या घरी गॅस सिलेंडरला पैसे नाहीत तिच्याकडून पाच हजारांचं बी घेणाऱ्याने ती वचनं एकदा उघडावीत.

यूट्यूबवर इतके चांगले संदेश असतात, मग स्थानिक मंडळी हवीच कशाला?

ऐका, मीही ऐकतो. पण यूट्यूबवरच्या प्रचारकाचं घर कसं चालतं, तो शेजाऱ्याशी कसा बोलतो, कामवालीचे पैसे वेळेवर देतो का, हे तुम्हाला दिसत नाही, आणि वर सांगितलेली सगळी यादी नेमकी तीच आहे. शिवाय तुमची आई आयसीयूत असताना तो येणार नाही. चमत्कार दिसला म्हणून शिकवण खरी असंही नाही, अनुवाद १३ मध्ये सरळ लिहिलंय की चिन्ह खरं झालं तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका.

कोणत्या गोष्टीवर भांडायचं आणि कोणती सोडून द्यायची?

फार चांगला प्रश्न, आणि आपण नेमकं उलटं करतो. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, लहान बाळांचा की मोठ्यांचाच, टाळ्या वाजवायच्या की उपासना संगीत हे गीतपुस्तक हातात घेऊन पेटीवर गायचं, अन्यभाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), प्रभुभोजन दर रविवारी की महिन्यातून एकदा, यावर मंडळ्या फुटल्या. माझी स्वतःची मतं आहेत यावर, ठाम आहेत, पण दुसऱ्या मताच्या माणसाबरोबर मी एका मेजावर बसेन.

येशू कोण आहे, यावर मात्र नाही. आरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणायचा पुत्र हा निर्माण केलेला आहे, पित्यासारखा नाही, आणि त्यावर ३२५ साली निकियाला मंडळीच्या अध्यक्षांची (बिशपांची) परिषद बसली, तिथून निकियाचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा उपासनेतला मजकूर, आला. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली, आपल्या किती देवळांत त्यावर एक तरी संदेश झाला? आज दारावर यहोवाचे साक्षीदार येतात, फार नम्र असतात, आणि येशू हा निर्माण केलेला आहे असंच त्यांचं मत, तेव्हा आपल्या माणसाला उत्तर सुचत नाही कारण विश्वासांगीकार आपण बसची पाटी वाचावी तसा म्हणतो. त्यांच्याशी भांडू नका, चहा द्या. पण योहान १ आणि कलस्सै १ आपल्याला उघडता यायला हवं.

बायकांनी पुढारपण करावं का?

यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा देतात, दक्षिण भारतीय मंडळीत २०१३ मध्ये पहिल्या स्त्री बिशप झाल्या, आणि बऱ्याच स्वतंत्र मंडळ्या १ तीमथ्य २ वरून नाही म्हणतात. माझं मत विचाराल तर, ज्या मंडळीत घरभेटी, आजाऱ्यांची चौकशी, रविवारची शाळा, उपासप्रार्थना सगळं महिला मंडळ चालवतं तिथे निर्णयाच्या खोलीत एकही बाई नसणं बरोबर नाही. अपुल्लोसासारख्या विद्वानाला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्यात तिचं नाव आधी येतं. दीक्षेबद्दल तुमची मंडळी काय ते ठरवेल, बायकांचं ऐकायचं की नाही हे मात्र ठरवायला लागू नये.

पाळकांच्या बाजूने कोणी बोलतच नाही...

खरं आहे, आणि इथे चूक आपली आहे. खेड्यातल्या पाळकाचा पगार चार-चार महिने थकतो, मुलांची फी भरता येत नाही, आणि आपण म्हणतो त्यांनी विश्वासाने राहावं. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नको हे वचन पौल वडिलांच्या मानधनाबद्दलच वापरतो. पाळकाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी पाहिजे, फोन बंद. त्याला अभ्यासाला वेळ पाहिजे, नाहीतर शनिवारी रात्री दोन अंत्यविधी आणि एक साखरपुडा करून आलेला माणूस सकाळी साडेआठला सुशिक्षण कुठून देणार? आणि ज्याच्याजवळ तो स्वतःचं मन मोकळं करेल असा, मंडळीबाहेरचा, एक मोठा पाळक पाहिजे. पाळक एकटे पडतात. बरेच जण पडतात ते एकटे पडले म्हणून.

पुढाऱ्याने मुलीबाळींशी गैरवर्तन केलं तर? मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात भेटायचं का?

नाही! मत्तय १८ भावाने भावाचा अपराध केला त्यासाठी आहे, गुन्हा दाबण्यासाठी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल तर पोक्सो कायदा २०१२ लागतो, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, लपवलं तर लपवणाराही अडकतो. चाइल्डलाइन १०९८. पीडित मुलीला आरोपीसमोर बसवून क्षमा करायला लावणारी बैठक घेऊ नका, कोणी घेत असेल तर तिथेच उभं राहून थांबवा. मंडळीचं नाव खराब होईल म्हणतात. नाव देवाचं आहे, ते तो बघेल.

सगळं करून बघितलं, काही बदलत नाही. मंडळी सोडावी का?

घाई नको. आवाज चढवणारा पाळक, कंटाळवाणा संदेश, आपल्या मुलाला कोयरमध्ये घेतलं नाही, ही कारणं नाहीत. पण येशूबद्दलची शिकवणच बदलली असेल, पैशाचा प्रश्न विचारणाऱ्याला बहिष्कृत करत असतील, ३ योहानातला दियत्रफेस जसा स्वतः पहिला राहावा म्हणून भावांनाच बाहेर काढायचा तसं, किंवा मुलं सुरक्षित नसतील, तर जा, आणि जाताना कारण लेखी देऊन जा, गुपचूप नाही. आणि कुठेतरी जाऊन जोडले जा. घरी बसून मोबाईलवर उपासना बघणारे खूप झालेत.

पुढचे पुढारी कुठून येणार? तरुण तर थांबतच नाहीत.

सगळे सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजात) जाणार नाहीत. ज्यांना जमेल त्यांना पाठवा, आपल्या पुण्यातच युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये इकडे आली, आणि पाठवताना फीचा भार मंडळीने उचलावा म्हणजे तो मुलगा परत मंडळीचा राहतो. पण २ तीमथ्य २:२ मधली पद्धत स्वस्त आहे, तू ऐकलंस ते विश्वासू माणसांना दे, ते इतरांना देतील.

आमच्याकडे दर बुधवारी साडेसातला सहा तरुण येतात, चार मुली दोन मुलं, एक जण स्विगीचं जॅकेट घालूनच येतो कारण नऊला त्याची शिफ्ट असते. आम्ही तीताचं पत्र घेतलंय, फक्त ४६ वचनं आहेत, एका वेळी पाच-सहाच. वाचायचं, काय कळलं नाही ते विचारायचं, आणि शेवटी एकाने दहा मिनिटं इतरांना समजावून सांगायचं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करायचं. मागच्या बुधवारी त्या स्विगीवाल्याची पाळी होती, तीत १:७, वडील हा देवाचा कारभारी. तो म्हणाला, काका, म्हणजे माझ्यासारखंच की, पार्सल माझं नाही, मी उघडायचं नाही, जसं दिलंय तसं पोचवायचं. मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी १:९ पासून आहे.